रात्र, रस्ता, दिवा, औषधांचं दुकान

‘नोच, ऊलित्सा, फनार, अप्त्येका.’ रात्र, रस्ता, दिवा, औषधांचं दुकान. रशियन कवी अलेक्सांद्र ब्लोकच्या आठ ओळींच्या एका कवितेची ही पहिली ओळ. कवितेखाली तारीख आहे १० ऑक्टोबर १९१२. ओळीत फक्त चार नामं आणि स्वल्पविराम आहेत. क्रियापद नाही, विशेषणही नाही. रशियन प्रतीकवाद, म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची तिथली काव्यचळवळ, म्हटलं की आपल्याकडे धुकं, गूढ, आर्त, अतींद्रिय असे शब्द चटकन पुढे येतात. त्यांतला एकही या ओळीला चिकटत नाही. तरीही ती त्या चळवळीतल्या सगळ्यांत मोठ्या कवीची ओळ आहे. म्हणून प्रतीकवाद वाचायला बसणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

पूर्ण कविता मराठीत साधारण अशी होईल:

रात्र, रस्ता, दिवा, औषधांचं दुकान,
उजेड निरर्थक, मंद.
अजून पाव शतक जगलास तरी
सारं असंच राहील. सुटका नाही.

मरशील, पुन्हा पहिल्यापासून सुरू करशील,
आणि सारं पूर्वीसारखंच घडेल:
रात्र, कालव्यावरची गोठगार लहर,
औषधांचं दुकान, रस्ता, दिवा.

शेवटची ओळ म्हणजे पहिलीचं आरशातलं रूप, असं या कवितेबद्दल अनेकदा म्हटलं जातं. नीट पाहिलं तर तसं नाही. आरशात ‘औषधांचं दुकान, दिवा, रस्ता, रात्र’ असा क्रम दिसला असता. ब्लोकने रात्र उचलून एक ओळ वर नेली, तिच्या शेजारी कालव्याचं पाणी ठेवलं आणि उरलेल्या तिघांत दुकानाला पुढे आणलं. वस्तू त्याच राहिल्या, त्यांच्या जागा हलल्या. हे हलणं किती नेमकं आहे ते छंदात उतरल्याशिवाय कळत नाही.

आपली वृत्तं लघु-गुरू मोजतात, म्हणजे अक्षराला लागणारा वेळ मोजतात. रशियन छंद आघात मोजतो. ही कविता चार गणांच्या आयांब छंदात आहे: ओळीत आठ किंवा नऊ अक्षरं, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी आघात अपेक्षित. पण रशियन शब्द लांब असतात आणि सहसा एका शब्दाला आघात एकच असतो. त्यामुळे चारांपैकी एखादी जागा बहुतेक वेळा रिकामी जाते. ही रिकामी जागा कुठे पडते त्यावर ओळीची चाल ठरते.

आता पहिली ओळ बोटांवर मोजून पाहा: नोच, ऊ, लि, त्सा, फ, नार, अप्, त्ये, का. नऊ अक्षरं. आघात ‘ऊ’, ‘नार’ आणि ‘त्ये’वर. चौथी जागा, ‘त्सा’, रिकामी. शिवाय ‘नोच’ पहिल्याच जागी, जिथे आघाताची अपेक्षा नसते तिथे, पूर्ण वजनाने उभी आहे. त्यामुळे ओळ सुरुवातीलाच अडखळते: दोन जड अक्षरं लागोपाठ, मग एक खड्डा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत मात्र चारही आघात जागच्या जागी पडतात. ‘सारं असंच राहील. सुटका नाही’ ही चौथी ओळ खिळे ठोकल्यासारखी ऐकू येते ती त्यामुळे. शेवटच्या ओळीत ‘अप्, त्ये, का, ऊ, लि, त्सा, फ, नार’, इथे आघात दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या जागी, आणि रिकामी आहे सहावी. तिसऱ्या गणाचा आघात गळणं ही रशियन आयांबची सगळ्यांत रुळलेली चाल. पुश्किनच्या काळापासून रशियन कानाला तिची सवय आहे. म्हणजे ठेचकाळत सुरू झालेली कविता शेवटी जुन्या चाकोरीत जाऊन बसते. ‘पूर्वीसारखंच’ हे सहाव्या ओळीने शब्दांत सांगितलं, आठवीने ते चालीतून केलं.

अशा रिकाम्या जागा पद्धतशीर मोजायची वाट दाखवली तीही एका प्रतीकवाद्यानेच. आंद्रेई बेलीने. त्याचं खरं नाव बोरिस बुगायेव, वडील मॉस्को विद्यापीठात गणिताचे नामांकित प्राध्यापक. १९१० साली ‘प्रतीकवाद’ याच नावाचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यातल्या काही लेखांत त्याने एकेका कवीच्या आयांबमधले गळालेले आघात मोजले, कागदावर तिथे ठिपके दिले आणि लागोपाठच्या ओळींतले ठिपके रेघांनी जोडले. आकृत्या तयार झाल्या. त्यांना त्याने छप्पर, टोपली, समभुज चौकोन अशी नावं दिली. अठराव्या शतकातले कवी दुसऱ्या गणाचा आघात जास्त गाळतात आणि एकोणिसाव्या शतकात तो गण बळकट होतो, हे त्याला या मोजणीतून दिसलं. पुढचा सगळा रशियन छंदाभ्यास या कामावर उभा राहिला. बेलीची चूक पुढच्या पायरीवर झाली. ज्याच्या आकृत्या जास्त आणि गुंतागुंतीच्या त्याची लय श्रीमंत, असं तो मानू लागला आणि कवींना तसे गुण देऊ लागला. आकृती ओळीचा चालण्याचा ढंग दाखवते. ओळ चांगली की वाईट हे तिच्यावरून कळत नाही. तरीही ज्या चळवळीला लोक धुक्याची चळवळ म्हणतात तिच्यात ठिपके मोजणारा माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

प्रतीक म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवणं नव्हे. ते झालं रूपक किंवा अन्योक्ती. तिथे कावळा म्हणजे अमुक माणूस, हे एकदा कळलं की कावळा उडून गेला तरी चालतं. प्रतीकात कावळा कावळाच राहावा लागतो. व्याचेस्लाव इवानोव या प्रतीकवादी कवीने १९०८ मध्ये यासाठी एक लॅटिन सूत्र दिलं: ‘आ रेआलिबुस आद रेआलिओरा’, जे खरं आहे त्याच्याकडून जे अधिक खरं आहे त्याच्याकडे. या सूत्रातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. सुरुवात खऱ्यापासून करायची आहे. रशियन प्रतीकवादातलं जे आजही ताजं आहे ते तपासलं तर तिथे वस्तू शाबूत सापडते, आणि जे शिळं झालं तिथे ती आधीच विरघळून गेलेली असते.

चळवळीच्या आरंभालाच याचा एक नमुना आहे. १८९४-९५ मध्ये मॉस्कोत वालेरी ब्र्यूसोव या विशीतल्या तरुणाने ‘रशियन प्रतीकवादी’ नावाच्या तीन छोट्या पुस्तिका काढल्या. चळवळ मोठी दिसावी म्हणून त्याने वेगवेगळ्या टोपणनावांनी स्वतःच कविता लिहून पानं भरली. तिसऱ्या पुस्तिकेत एका ओळीची एक कविता होती: ‘अरे, झाक तुझे ते फिकट पाय.’ संपली. सगळी रशिया हसली. सगळ्यांत मार्मिक हसला तो तत्त्वज्ञ कवी व्लादिमीर सोलोव्योव, ज्याच्या गूढ कवितांवर प्रतीकवाद्यांची पुढची पिढी पोसली. ब्र्यूसोवच्या एका कवितेत ‘निळसर चांदण्यात उघडा चंद्र उगवतो’ अशा अर्थाची ओळ आहे. तिथे चंद्रासाठी रशियनमधले ‘म्येस्यात्स’ आणि ‘लुना’ असे दोन शब्द वापरलेत. सोलोव्योवने लिहिलं की, लुनासमोर म्येस्यात्सने उघड्याने उगवणं असभ्य तर आहेच, शिवाय अशक्य आहे, कारण ही दोन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत.

त्याच कवितेची सुरुवात अशी: न घडलेल्या निर्मितीची सावली झोपेत डुलते आहे, जणू मुलाम्याच्या भिंतीवर लाटानियाची पानं. ही पानं आणि ही भिंत कुठल्या अद्भुत देशातली, असं वाचणाऱ्याला वाटतं. व्लादिस्लाव खोदासेविच या कवीने पुढे आठवणींत त्याची उकल सांगितली. लाटानिया म्हणजे ब्र्यूसोवच्या घरात कुंडीत लावलेलं ताडाच्या जातीचं झाड, आणि मुलाम्याची भिंत म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीच्या चकचकीत फरश्या. त्यांत झाडाची सावली पडायची. हे कळल्यावर कविता उघडी पडली असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. ती फरशी माहीत झाल्यावर ‘डुलते आहे’ हे क्रियापद पहिल्यांदा दिसायला लागतं. तरुण ब्र्यूसोवची चूक एवढीच की वाचकाला शेगडी दिसू नये म्हणून त्याने ती लपवली.

याच काळात नादाचं वेड शिगेला पोचलं ते कॉन्स्टंटिन बालमोंत या कवीमध्ये. नादाने काय साधतं आणि काय बिघडतं, ते त्याच्या दोन कविता शेजारी ठेवल्या की दिसतं. एकीची सुरुवात ‘व्येचेर. व्झमोर्ये. व्झ्दोखी व्येत्रा’ अशी आहे: संध्याकाळ, समुद्रकिनारा, वाऱ्याचे उसासे. प्रत्येक शब्द ‘व’ने सुरू होतो आणि दोन ओळी खरोखर वारा सुटल्यासारखं वाटतं. पण मग होडी आली की सगळे शब्द ‘च’ने, आणखी पुढे दुसऱ्या अक्षराने. काही ओळींनंतर वाचक समुद्र सोडून पुढचं अक्षर कोणतं येणार याची वाट पाहू लागतो. दुसरी कविता बोरूच्या बेटाची आहे: मध्यरात्री दलदलीत ऐकू येईल न येईल असे ‘शुर्शात कमिशी’, बोरू सळसळतात. इथला ‘श’ बोरूचा स्वतःचा आवाज आहे. बोरू जागेवर राहिले, म्हणून नादही टिकला. आपल्याकडे अनुप्रासाची हौस जुनी आहे, तेव्हा हा फरक मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही.

बालमोंतचं भारताशी असलेलं नातं इथेच सांगून टाकतो. कालिदासाची नाटकं त्याने रशियनमध्ये आणली. डिसेंबर १९१४ मध्ये मॉस्कोत अलेक्सांद्र ताइरोवचं कामेर्नी थिएटर उघडलं ते त्याच्याच भाषांतरातल्या ‘शाकुंतला’ने, आलिसा कोओनेन शकुंतलेच्या भूमिकेत. रशियाच्या एका अत्यंत प्रयोगशील रंगभूमीचा पडदा पहिल्यांदा वर गेला तो कण्वाच्या आश्रमावर.

१९०० नंतर दुसरी पिढी आली: ब्लोक, बेली, इवानोव. पहिल्या पिढीला प्रतीकवाद ही कवितेची रीत वाटत होती. या तरुणांना ती जगायची रीत वाटली. सोलोव्योवची ‘सोफिया’, म्हणजे जगाचा आत्मा असलेली दैवी स्त्री, खरोखर अवतरणार आहे आणि तिची चाहूल आकाशात दिसते आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. हे तरुण संध्याकाळी आणि पहाटे क्षितिजावरचे रंग अक्षरशः पाहत बसत. त्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची राख वातावरणात दूरवर पसरली. त्या वर्षांतल्या संध्यारंगांचा आणि या राखेचा संबंध बेलीने पुढे आठवणींत स्वतः नोंदवला. ब्लोकची ‘मला तुझी चाहूल लागते’ ही कविता मात्र जून १९०१ ची, स्फोटाच्या आधीची. तिच्यातही सारं क्षितिज पेटलेलं आणि असह्य स्वच्छ आहे. म्हणजे सगळं श्रेय राखेला देता येत नाही. पण या कवींचे सोनेरी आणि निळे रंग केवळ पुस्तकांतून आलेले नव्हते. वर बघितल्यावर आकाशात काहीतरी होतं.

त्याच कवितेत एक ओळ येते: ‘पण मला भीती वाटते, तू रूप पालटशील.’ मूळ रशियनमध्ये हा ‘तू’ मोठ्या अक्षराने लिहिलेला आहे. ब्लोकच्या पहिल्या पुस्तकात, ‘सुंदर स्त्रीची गाणी’त, ‘तू’ आणि ‘ती’ मोठ्या अक्षरात आले की ते देवत्वाचं चिन्ह असतं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. भाषांतर करणाऱ्याला इथे वारकरी परंपरा मदतीला येईल असं वाटतं, कारण अभंगात विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतात. पण तो ‘तू’ घरातला आहे, त्याच्याशी भांडता येतं. ब्लोकचा ‘तू’ लांबून उच्चारलेला, भ्यालेला आहे. ‘आपण’ लिहिलं तर दरबारी होतं. आजूबाजूचे शब्द थोडे ताठ ठेवून ‘तू’च लिहावा, यापेक्षा बरा उपाय मला दिसत नाही.

या काळातली माझ्या मते सगळ्यांत पक्की कविता २५ ऑक्टोबर १९०२ ची आहे: ‘मी अंधाऱ्या मंदिरांत शिरतो.’ तिचा छंद ‘दोल्निक’. यात ओळीतले आघात ठरलेले असतात, पण दोन आघातांमधली अक्षरं कधी एक, कधी दोन. ब्लोकमुळे हा छंद रशियन कवितेत घट्ट रुजला. चालताना पाऊल किंचित चुकावं तशी ओळ लागते. कवी उंच खांबाच्या सावलीत उभा आहे, लाल दिवे लुकलुकताहेत, तो तिची वाट पाहतो आहे आणि दार करकरलं की थरथरतो. देवत्वाच्या त्या सगळ्या कवितांत मला हे करकरणारं दार सगळ्यांत खरं वाटतं.

जिला ‘ती’ केलं गेलं ती ल्युबोव मेंदेलेयेवा. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या द्मित्री मेंदेलेयेवची मुलगी. जानेवारी १९०२ मध्ये तिने ब्लोकला एक पत्र लिहिलं आणि पाठवलं नाही. तुम्ही माझ्याकडे एखादी अमूर्त कल्पना असल्यासारखं पाहता, स्वतः रचलेल्या त्या कल्पनेपलीकडचा जिवंत आत्म्याचा जिवंत माणूस तुम्हाला दिसलाच नाही, असा त्याचा आशय. ती तेव्हा विशीत होती. माझ्या दृष्टीने रशियन प्रतीकवादावरची ही पहिली अचूक टीका, आणि ती टीकाकाराने केलेली नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात बेली आणि तत्त्वज्ञाचा पुतण्या सेर्गेई सोलोव्योव ब्लोकच्या घरच्या शाख्मातोवोच्या वाडीवर राहायला आले. ल्युबोवने भडक रंगाची फीत बांधली, नुसता हात हलवला, तरी हे दोघं एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत, असं ब्लोकच्या मावशीने, मारिया बेकेतोवाने, लिहून ठेवलं आहे. जेवणाच्या टेबलावर बसलेल्या बाईच्या हालचालींत विश्वाचे संकेत शोधायचे, आणि हे रोज! १९०६ मध्ये त्याच बेलीने तिच्यावरच्या प्रेमापोटी ब्लोकला द्वंद्वाचं आव्हान पाठवलं. द्वंद्व झालं नाही. तिघांचंही बरंच काही मोडलं. ल्युबोवने पुढे रंगभूमीवर काम केलं, बॅलेचा अभ्यास केला आणि त्या नृत्यप्रकाराचा इतिहास लिहिला. प्रतीक होणं तिने नाकारलं, याचं श्रेय तिला क्वचितच दिलं जातं.

रूप पालटण्याची भीती खरी ठरली ती ‘अनोळखी स्त्री’ या कवितेत. तारीख २४ एप्रिल १९०६. रशियाचं तेव्हाचं पंचांग युरोपपेक्षा विसाव्या शतकात १३ दिवस मागे होतं, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेत ही ७ मे. पहिल्याच कडव्यात वसंताची ‘कुजकी’ हवा येते ती या हिशेबाने कळते. कविता पीटर्सबर्गजवळच्या ओझेर्की या उपनगरात घडते. तेरा कडवी. पहिल्या सहांत नुसता सरंजाम आहे: बेकरीच्या पाटीवरचं सोनेरी वळणाचं बिस्किट, रेल्वेचं फाटक, खड्ड्यांच्या कडेने बायकांबरोबर फिरणारे टोपीवाले, तळ्यावर वल्ह्यांच्या कड्यांची करकर, सशासारख्या डोळ्यांचे दारुडे. ‘आणि दर संध्याकाळी’ हे शब्द तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या कडव्याच्या सुरुवातीला येतात. दोनदा ते कंटाळ्याचे असतात. तिसऱ्यांदा, बरोबर मधल्या कडव्यात, त्याच शब्दांमागून ती येते, रेशमी पोशाखात, धुरकट खिडकीपलीकडे. दरवाजा तोच, पाहुणा बदलला. त्यानंतर काळी जाळी, टोपीवरची शहामृगाची पिसं, अंगठ्या घातलेला चिंचोळा हात. ती दैवी आहे की दारूच्या ग्लासातली, हे ब्लोक शेवटपर्यंत ठरवू देत नाही. इथे मोठ्या अक्षरातला ‘तू’ नाही. गरजही नाही, कारण वल्ह्यांची कडी करकरली आहे.

गद्याकडे वळताना प्रतीकवादी लेखक फ्योदर सोलोगूबला टाळता येत नाही, जरी इथे त्याला जागा कमी पडते आहे. हा गणिताचा शिक्षक. दहा वर्षं त्याने लहानसहान गावांतल्या शाळांत काढली आणि ‘क्षुद्र सैतान’ कादंबरीत तिथलीच धूळ उतरवली. पेरेदोनोव हा मास्तर भाडेकरू म्हणून घरमालकिणीवर सूड घ्यायला भिंतींवरचा कागद लाथांनी मळवतो, आणि पत्त्यांतले राजे-राण्या आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून त्यांचे डोळे टोचून काढतो. त्याला एक राखाडी, हाती न येणारा लहानसा प्राणी दिसू लागतो. तो काय आहे हे सोलोगूब सांगत नाही. भिंत आणि पत्ते इतके खरे आहेत की त्या प्राण्यावर विश्वास बसतो.

बेलीच्या ‘पीटर्सबर्ग’ कादंबरीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. १९०५ चा ऑक्टोबर, संपाने आणि अफवांनी भरलेलं शहर. सिनेटर अपोलोन आब्लेऊखोवला सरळ रेषा आणि चौरस आवडतात, आपल्या बग्गीच्या चार काळ्या भिंतींत बसलं की त्याला सुरक्षित वाटतं. त्याच्या मुलाने क्रांतिकारकांना वचन दिलेलं असतं, आणि वडिलांना मारण्यासाठी त्याच्याकडे बाँब येतो. तो बाँब सार्डिन माशांच्या डब्यात आहे. बेली पुन्हा पुन्हा त्याला डबाच म्हणतो. मुलगा किल्ली फिरवतो, चोवीस तास सुरू होतात, आणि मग डबा जागेवर सापडत नाही, कारण सिनेटर तो नकळत आपल्या खोलीत घेऊन गेलेला असतो. कादंबरीचा अर्धा ताण या घरभर फिरणाऱ्या डब्याचा आहे. बापलेकांचं नातं, रशियाचं भवितव्य, काळाचं टिकटिकणं, सगळं त्यात भरलं आहे, तरी तो उघडायला साध्या किल्लीचा आणि लपवायला साध्या कपाटाचाच डबा राहतो. शेवटी तो फुटतो आणि कोणी मरत नाही. दुसरीकडे दूदकिन हा क्रांतिकारक आपल्याला फसवणाऱ्या लिप्पानचेन्कोला लहानशा कात्रीने मारतो आणि प्रेतावर स्वार होऊन हात पुढे केलेला सापडतो, पीटर द ग्रेटच्या घोड्यावरच्या पुतळ्यासारखा. ती कात्री नसती तर हे दृश्य नाटकी झालं असतं.

ही कादंबरी इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. तिची दोन रूपं आहेत. पहिलं १९१३-१४ मध्ये ‘सिरिन’ संग्रहात आणि १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आलेलं. दुसरं बेलीने स्वतः कापून १९२२ मध्ये बर्लिनला छापलेलं, सुमारे एक तृतीयांशाने लहान. जॉन कुर्नोसचं आणि मॅग्वायर-मॅल्मस्टॅडचं भाषांतर बर्लिनच्या रूपावरून आहे, तर डेव्हिड मॅकडफ आणि जॉन एल्सवर्थ यांची मोठ्या रूपावरून. दोन मित्रांनी वेगवेगळी भाषांतरं वाचून वाद घातला की प्रसंग जुळत नाहीत ते यामुळे. मी मोठं रूप आधी वाचा म्हणेन. कापताना गोष्ट धावती झाली, पण सिनेटरचा एकटेपणा पातळ झाला. कोणतंही घेतलं तरी पहिली पन्नास पानं मोठ्याने वाचावीत. गद्य मुळात तीन अक्षरांच्या गणांत हिंदकळतं आणि भाषांतरातही त्याची थोडी झाक उरते.

ब्लोकच्या कविता मात्र लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाचाव्यात असं मला वाटत नाही. त्याने स्वतः त्या तीन खंडांत लावल्या आणि त्या तिघांना मिळून ‘माणूस होत जाण्याची त्रिधारा’ अशा अर्थाचं नाव दिलं. नव्या वाचकाने तिसऱ्या खंडापासून मागे यावं. औषधांच्या दुकानातून मंदिराकडे गेलं की त्या लाल दिव्यांची किंमत कळते. आणि एक अख्खा दिवस कवी इनोकेंती आनेन्स्कीसाठी ठेवावा. पीटर्सबर्गजवळच्या त्सार्स्कोये सेलोतल्या शाळेचा हा मुख्याध्यापक, पहिलं पुस्तक ‘कोणी नाही’ अशा अर्थाच्या टोपणनावाने छापणारा, १९०९ मध्ये पीटर्सबर्गच्या रेल्वे स्थानकाच्या पायऱ्यांवर कोसळून गेला. मुख्य संग्रह मरणानंतर निघाला. त्याच्या ‘गज आणि तारा’ कवितेत व्हायोलिनचा गज आणि तारा रात्रभर बोलतात, आणि लोकांना जे संगीत वाटलं ती त्यांची यातना होती. लाकूड, घोड्याचे केस आणि आतड्याची तार, एवढ्यावर ती उभी आहे.

जानेवारी १९१३ मध्ये ‘अपोलोन’ मासिकात गुमिल्योव आणि गोरोदेत्स्की या तरुण कवींनी प्रतीकवाद संपल्याचं जाहीर केलं. प्रतीकवाद्यांनी गुलाबाला सतत दुसऱ्या कशाकडे बोट दाखवायला लावलं आणि गुलाब गुलाब राहिला नाही, अशी या गोटाची तक्रार. त्याच गोटातला कवी मान्देल्श्ताम याने ती पुढे फार सुंदर मांडली. बालमोंतच्या बऱ्याच पानांबद्दल, शाख्मातोवोच्या जेवणाच्या टेबलाबद्दल ती शंभर टक्के खरी आहे. पण त्याआधी तीनच महिने ब्लोकने रस्ता, दिवा आणि दुकान कशाकडेही बोट न दाखवता मांडून ठेवले होते.

त्या ओळीच्या मराठीचं एक काम अजून राहिलं आहे. रशियनमध्ये इंग्रजीसारखं ‘द’ किंवा ‘अ’ नसतं, मराठीतही नाही, म्हणून चार नामं तशीच उतरतात. इंग्रजी भाषांतरकाराला इथे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, आपल्याला नाही. ‘अप्त्येका’साठी ‘औषधालय’ जड होतं आणि त्याला सरकारी दवाखान्याचा वास येतो. आपण रोज बोलतो तो शब्द ‘मेडिकल’, पण मेडिकल म्हटलं की पांढरा लख्ख ट्यूबलाइट डोळ्यांपुढे येतो आणि पुढच्या ओळीतला मंद उजेड खोटा पडतो. ‘औषधांचं दुकान’ लांब आहे, तरी तेच बरं. खरी अडचण ‘दिवा’ची आहे. रशियन ‘फनार’ हा रस्त्यावरच्या खांबाचा दिवा, त्याला दुसरं काही चिकटलेलं नाही. मराठी दिवा देवापुढे लागतो, तिन्हीसांजेला लागतो, त्याला हात जोडले जातात. ‘खांबावरचा दिवा’ लिहिलं तर चार शब्दांची ओळ मोडते. ‘कंदील’ म्हटला तर तो कोणाच्या तरी हातात जातो. म्हणून ‘दिवा’च ठेवावा लागतो, आणि त्याच्यावरचं मांगल्य पुसण्याचं काम लगेच पुढच्या ओळीतल्या ‘निरर्थक’ या एका शब्दावर येऊन पडतं. मूळ रशियनमध्ये त्या शब्दाला एवढं काम नाही.